डाव्या पायातला वाळा

नाव: मैना जानराव.
वय: वीस (अंदाजे).
गाव: अंजनगाव सुर्जी.
महिना: आठवा.
तपासणीचे कारण:

इथे देवमनचा टाक थांबला. कारण एक नव्हतं.

"दाई म्हणते पोट लय मोठं हाय, जुळं असन," मैना म्हणाली. "तेवढं पाहा."

"पोरगा हाय का पोरगी, ते पाहा," तिचा नवरा जानराव म्हणाला. "दुसरीबी पोरगी असन तं मी नाई पोसत."

"पहिली कुठं आहे?"

"तापानं गेली," मैना म्हणाली. "मी कापूस वेचाले गेली होती. आली तं मातीत घालून मोकळे झाले होते."

सन एकसष्ट. राजापेठेतल्या या एक्स-रेच्या दवाखान्यात डॉक्टर सकाळीच येऊन जात. दुपारी मशीन चालवणारा देवमन आणि गोदाबाई आया, दोघंच. सासूनं, पार्बताबाईनं, आल्याआल्या देवमनचं आडनाव विचारलं होतं आणि ते ऐकून त्यानं पुढे केलेला पाण्याचा पेला परत सरकवला होता. सुनेला त्याच्या मशीनखाली झोपवायला मात्र तिची हरकत नव्हती.

"दादा, यात हाडं दिसतात. मुलगा-मुलगी दिसत नाही."

"मंग एवढी मोठी मशीन कायले ठेवली?"

गोदाबाईनं पडद्याआड मैनाच्या अंगावरचं धातूचं सगळं काढलं. मंगळसूत्र, जोडवी, पोलक्याची पिन. रुमालात बांधून ठेवलं.

पहिली प्लेट. देवमननं अंधाऱ्या खोलीत धुतली, ओलीच दिव्याच्या पेटीवर लावली. मूल एकच. डोकं खाली. कणा सरळ, फासळ्या केसासारख्या बारीक. डाव्या घोट्याभोवती एक कडी. हाडाचा पांढरा रंग दुधट असतो. हा पांढरा धातूचा होता.

"गोदाबाई, बाईच्या कमरेला काही राहिलं का?"

"काईच नाई. दोनदा पाह्यलं."

दुसरी प्लेट, कुशीवर वळवून. एवढ्यात मुलानं पाय हलवला होता. कडी पायाबरोबर गेली होती.

मशीनचा दोष असेल. देवमननं नवी फिल्म घातली, टेबलावर स्वतःचा हात ठेवला, खटका ओढला. फिल्म धुतल्यावर हात उमटला. सत्तावीस हाडं, दुसरं काही नाही.

इतर निरीक्षण:

(कोरं.)

तो बाहेर आला. "मूल एकच आहे. पण... त्याच्या पायात वाळा असल्यासारखं दिसतं."

जानराव हसला. "पोटातच दागिने चढवले का कोनी?"

पार्बताबाई हसली नाही. "कोन्त्या पायात?"

"डाव्या."

ती बाकावर बसली. मग भाजी निवडताना बोलावं तशी बोलली. "उजव्याचा लवकर निंगाला. डाव्याचा निंगेच ना. लय पाय झाडून राहिली होती."

लहान मूल गेलं की मातीत घालण्याआधी वाळे काढून घेतात, हे देवमनला माहीत होतं. गेलेलं मूल पाय झाडत नाही, हेही माहीत होतं.

"माय, चूप राय," जानराव म्हणाला. "यस्टी चुकन."

म्हणजे त्यालाही माहीत होतं.

पडद्याआड मैना लुगडं नेसत होती. तिच्या बांगड्यांचा आवाज थांबला.

देवमननं फॉर्म ओढला. प्लेटवर नाही ते आठ वर्षांत त्यानं एकदाही लिहिलं नव्हतं.

निष्कर्ष: मुलगा.

"मुलगा आहे," तो मोठ्यानं म्हणाला. "चांगला दिसतो. पण अडचणीचं आहे, बाळंतपण इथंच, अमरावतीत करा. तोवर बाईला गावी नेऊ नका."

जानरावचा चेहरा उजळला. "मंग पह्यले काहून नाई बोलले, साहेब?"

पडदा सरकला.

"साहेब, खोडा ते," मैना म्हणाली.

"बाई, मी तुमच्यासाठीच..."

"ठाव हाय मले. पोरगीच हाय. तिले खोटं चालत नाई."

देवमन हलक्या आवाजात म्हणाला, "निदान माहेरी तरी जा."

"काहून?" तिचा आवाज शांत होता. रडलेला नव्हता. "आमाले घरीच जायचं हाय."

आमाले.

तिनं समोर उभं राहून ते खोडायला लावलं.

नंतर त्यानं खिडकीतून पाहिलं. भर दुपार होती. तिघं स्टँडच्या रस्त्याला लागली होती. जानराव झपाझप पुढे, मागे न बघता. त्याच्यामागे मैना. तिनं सासूचं मनगट धरलं होतं, शाळेत जायला नको म्हणणाऱ्या लेकराचं धरावं तसं. म्हातारी ओढली जात होती. ओरडत नव्हती.

रस्ता तापलेला होता, आणि म्हातारीच्या चपला दवाखान्याच्या पायरीवरच होत्या.