माणशी एक कारीट

दिल्लीत, मुनिरक्याच्या त्या अरुंद जिन्यात एका वेळी दोन माणसं मावतच नाहीत. तो खांद्यावर कीबोर्ड घेऊन वर येत होता, मी रेवतीचा हात घट्ट धरून खाली... आणि माझी कागदी पिशवी फाटली.

सावंतवाडीची कारिटं टणाटण पायऱ्या उतरली. एकावर त्याची चप्पल पडली — फट्!

"सॉरी, सॉरी—" म्हणता म्हणता तो थबकला. "अहो, हाच आवाज! आणखी एक फोडू?"

"मुळीच नाही! नरकचतुर्दशीला माणशी एक लागतं. वरच्या शिवांगीनं गावाहून आणलीत एवढ्या लांब."

"घरात माणसं किती?"

"दोन," चार वर्षांची रेवती ठसक्यात म्हणाली. "मी आणि आई."

त्यानं पुढचं काही विचारलं नाही. ते मला आवडलं... आणि आवडलं म्हणून भीती वाटली.

सुधन्वा. 'सोऱ्या' नावाच्या सिंथ-पॉप ग्रुपमध्ये वाजवायचा. त्यांची दिवाळीची रेकॉर्ड, 'पहिली आंघोळ', धनत्रयोदशीला निघणार होती. सिंथवर पाण्याचा आवाज जमला होता, फुलबाजीचा जमला होता; कारीट काही केल्या फुटेना. दोन ठेवून बाकीची मी देऊन टाकली. बदल्यात रेवतीला माइकसमोर, कारीट फोडताना ओरडतात तसं, "गोविंदा!" ओरडायला मिळालं.

दुसऱ्यांदा त्याच्या खोलीवर गेलो, तर खालच्या सगळ्या प्लगांवर टेप. रेवतीच्या उंचीपर्यंतच.

"उंदीर झालेत वाटतं?" मी मुद्दाम विचारलं.

"एकच आहे. 'गोविंदा' ओरडतो."

मी हसू लपवायला खिडकीकडे वळले. तेवढ्यात तो म्हणाला, "दिवाळीत घरी येऊ तुमच्या?"

"नको." फारच पटकन म्हणाले. मग खरं तेच सांगितलं. "तिचे बाबा सोडून गेले, तेव्हा सहा महिने बेल वाजली की ही दाराशी धावायची. पुन्हा तिला तसं... नाही बघवणार मला."

"बोलावल्याशिवाय नाही येणार," तो म्हणाला. "बिल्कुल नाही."

धनत्रयोदशीच्या दुपारी इथल्या मराठी मंडळाच्या छोट्या हॉलमध्ये रेकॉर्ड वाजली. आधी तांब्यातलं पाणी, मग फट्! — आणि माझ्या लेकीचा आवाज. टाळ्या पडल्या. रेवती मांडीवरून उतरली ती थेट त्याच्याकडे धावली. तो गुडघ्यावर बसला. पण तिला उचलण्याआधी त्यानं माझ्याकडे पाहिलं... विचारत.

मी मान हलवली. हो.

मग त्यानं खिशातून रुमालात गुंडाळलेलं एक कारीट काढलं. "हे उरलं. तुमचंच आहे."

"आमची दोन आहेत घरी." आता मागे सरायचं नव्हतं. "हे तुमचं. उद्या पहाटे साडेपाचला, फरीदाबादला आमच्या घरी."

"त्या वेळी मेट्रो कुठे असते, यार!"

"ते तुम्ही बघा. डाव्या पायाच्या अंगठ्यानं फोडायचं, कडू रस जिभेला लावायचा. तोंड वाकडं करायचं नाही."

"आणि परवा?"

"यायचं तर परवाही यायचं. तेरवाही. नाहीतर उद्याही नको."

पहाटे पाचलाच मी दार उघडलं. तो पायरीवर बसला होता, मफलर कानाला, मुठीत रुमाल.

"बेल का नाही वाजवली?"

"रेवती धावत आली असती." तो उभा राहिला. "म्हटलं, आधी तुम्ही पुन्हा एकदा विचार करा... मला जाता येईल अजून."

मी त्याच्याकडे पाहिलं. मग हात लांब करून मीच बेल दाबली.

आतून छोटी पावलं धावत आली.