बुजवलेली खिडकी

भिवंडीत खाडीकडे उतरणाऱ्या गल्लीत एका लाकडाच्या व्यापाऱ्याचं दुमजली घर होतं. सागवानी खांब, कोरलेल्या तुळया, वर रंगीत काचा आणि भिंती चांगल्या दोन हात जाड. चौऱ्याहत्तर साली वारसांनी ते चित्रांच्या दालनासाठी देऊन टाकलं. दालन सांभाळायला आले केसरीनाथ मास्तर, शाळेतले निवृत्त चित्रकला शिक्षक. माणूस सज्जन, पण खिडकी म्हणजे त्यांना भिंतीला पडलेलं भोक वाटायचं. चित्रं टांगायला सलग भिंत हवी, म्हणून माडीवरची मधली खिडकी बुजवायचं ठरलं, आणि त्या कामाला दिघाशी गावचा लडकू गवंडी आला.

लडकूला दुसरं कुठलंही काम चाललं असतं. त्या खिडकीला आतून बसायचा कट्टा होता. तीस वर्षांपूर्वी या घरी कामाला असलेली कमळ दुपारी त्यावर बसून तांदूळ पाखडायची, आणि लडकू समोरच्या गुदामाच्या परांचीवर उभा राहून भिंत बांधायचा. लक्ष विटांकडे कमी, खिडकीकडे जास्त. पुढे दोघांचं लग्न झालं, संसार झाला. ते गुदाम मागल्या साली पाडलं. तिथे आता नुसती घाणेरीची झुडपं माजली होती. कमळ त्याच्या आधीच तापाने गेली, सहा वर्षं झाली. तिचा एकही फोटो नव्हता. अलीकडे लडकूला तिचा चेहराही आठवेनासा झाला होता. या कट्ट्यासमोर उभं राहिलं की तेवढा क्षणभर डोळ्यांसमोर यायचा.

"मास्तर, ही तेवढी राहू द्या ना."

"अरे, गल्लीतून झडपा तशाच दिसतील. फक्त आतून बंद करायची."

म्हणजे बाहेर झडपा, आत नवी भिंत आणि मध्ये तो कट्टा. पोकळी बुजवताना कोणी आत राहू नये म्हणून शेवटची वीट लावण्याआधी 'कोन हाय का आत?' अशी हाक मारायची, ही लडकूच्या बापाची सवय. लडकूनेही ती जन्मभर पाळली होती. पण त्या दिवशी मास्तर शेजारीच उभे होते. त्याला लाज वाटली. त्याने मुकाट्याने वीट लावली.

आठवड्यात गिलावा वाळला. कट्ट्यावर बसलेलं माणूस टेकेल तिथे मात्र एक ओला डाग राहिला. लडकूने तो खरवडून पुन्हा गिलावा केला. पुन्हा तोच डाग. हात लावला तर कोमट, वज्रेश्वरीच्या गरम पाण्याच्या कुंडाच्या पायरीसारखा.

शुक्रवारी भर दुपारी वीज गेली. आजूबाजूच्या कापडाच्या कारखान्यांतले सगळे लूम एकदम थांबले, आणि त्या शांततेत भिंतीआडून सुपाचा आवाज आला. तीनदा पाखडायचं, मग थांबून खडे वेचायचे. ही कमळची रीत. ती गेली त्या दिवशीसुद्धा लडकूला तिची इतकी आठवण आली नव्हती.

"उंदीर असतील," मास्तर म्हणाले आणि दोन पावलं मागे सरले.

लडकूने त्या डागावर कपाळ टेकलं. "कोन हाय का आत?"

सूप थांबलं.

"कोन?" आवाज कोवळा होता, लग्नाआधीचा.

"मी लडकू. कमळ, ही भिंत फोडतो मी. एकदा तुझं तोंड दाव."

आत ती हसली. "काय मस्करी करता बाबा? लडकू तर समोर परांचीवर हाय. थांबा, हाक मारते."

झडप करकरली.

"लडकूऽऽ!"

लडकूने तोंड उघडलं. पण त्याच्या आधीच समोरच्या मोकळ्या जागेतून, उंचावरून, एका जवान गड्याने ओ दिली.