दारावरची वेळ

"अहो, जरा पाइप बंद करता का?"

मार्नीनं मागे वळून पाहिलं, पण तिच्याआधी हातातला पाइपच वळला. फाटकात उभ्या असलेल्या तरुणाच्या पँटचे, बुटांचे आणि कागदांचे एकदमच बारा वाजले.

"अगं बाई, सॉरी! मदतीला आलात ना? फावडं तिकडे आहे."

"मी विमा कंपनीकडून आलोय. नुकसानीची पाहणी करायला. स्टॅव्रो पेट्रीडिस." त्यानं भुवईवरचं पाणी निपटलं. "आणि आत्ता तुम्ही माझा पुरावा धुतलात."

भिंतीवरची पाण्याची रेघ खरंच गेली होती. नदीकाठच्या कूराबेल गावातल्या लोकांची ही जुनीच खोड. नदी ओसरली की गाळ वाळायच्या आत घर धुवायचं आणि भिजलेलं सगळं रस्त्याकडेला रचायचं. गाळ वाळला की सिमेंटसारखा बसतो, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. फोटो काढायचं मात्र एकालाही सुचत नाही!

त्यातून मार्नीचं दुखणं वेगळं. आईमागे हे लाकडी घर तिच्या नावावर झालं. नदीच्या पुराचा विमा परवडेना, म्हणून गेल्या वर्षी तिनं तेवढा भाग काढून टाकला. उरलं वादळ आणि पाऊस. दावा फेटाळला गेला तर घर विकून ब्रिस्बेनला बहिणीकडे जायचं, दुसरा रस्ता नव्हता.

"म्हणजे छपरातून आलं ते पाणी तुमचं, नदीतून आलं ते माझं?"

"साधारण तसंच. आधी कोणतं आलं नि कुठवर, ते दाखवता आलं पाहिजे."

"दुपारी वादळानं पत्रे उडाले, नदी संध्याकाळी आली. शपथ!"

"माझा विश्वास आहे हो. पण तो रिपोर्टला जोडता येत नाही ना..."

हे त्यानं इतक्या हळुवारपणे म्हटलं, की मार्नीला त्याच्यावर रागावणंही जमेना. असल्या कामाला असल्या डोळ्यांची माणसं कशाला पाठवतात?

"चहा तरी घ्या."

"नको. फाईल बंद होईपर्यंत तुमच्याकडचा चहाही चालत नाही मला."

"एवढे सोवळे?"

"एवढा." तो हसला. "नंतर विचारा."

ती लाजली, आणि तेवढ्यात तिला आठवलं. "दार! स्वयंपाकघराचं दार!"

पूर चढायला लागला की आई त्या दारावर पेन्सिलनं वेळ लिहायची. सामान किती घाईनं उचलायचं, ते त्यावरून कळायचं. या खेपेला मार्नीनंही लिहिलं होतं. पण काल मदतीला आलेल्या लोकांनी तेच दार बाहेर फेकलं होतं.

दोघांनी ढीग उपसला. गाद्या, फ्रिज, पुस्तकांचा लगदा... दार नव्हतं. मार्नी भिजक्या सोफ्यावर मटकन बसली आणि तिला रडूच फुटलं. स्टॅव्रोनं रुमाल पुढे केला. तोही तिनंच भिजवलेला! रडता रडता ती हसली.

"आधी चार घास खा गं!" समोरून शेजारीण बेरिल ओरडली. मदतीला आलेल्यांसाठी तिनं टेबल मांडलं होतं. वर चादर, चादरीवर लॅमिंग्टन केकची ताटं. चादरीखालून दाराची पांढरी मूठ डोकावत होती.

"बेरिल, हे टेबल कुठलं?"

"तुझ्याच ढिगातलं. चांगलं दार टाकतेस, उधळी कुठली!"

ताटं उचलली, चादर सरकली. आईच्या जुन्या नोंदींखाली मार्नीचं अक्षर होतं: 'दोन वीस, पत्रे उडाले, छत कोसळलं. सहा दहा, नदी उंबऱ्यावर. साडेसात, गुडघाभर.'

स्टॅव्रोनं फोटो घेतले. "छत, विजेच्या तारा, भिंती, पलंग, हे मी लिहू शकतो. जमीन आणि खालची कपाटं नाही. ते नदीचं."

"गुडघ्याखालचं गेलं म्हणायचं. खरं तर मला 'गुडघाभर'चं 'घोटाभर' करता आलं असतं. पेन्सिलच तर आहे."

"केलंत का?"

"नाही."

"म्हणूनच तर—" तो थांबला.

"म्हणूनच काय?"

"फाईल बंद झाल्यावर सांगतो."

सहा आठवड्यांनी पत्र आलं. गुडघ्यावरचं सगळं मंजूर होतं. घर राहिलं! छप्पर चढलं, जुनं दार पुन्हा जागेवर बसलं. जमीन मात्र अजून उघडीच होती. शनिवारी दुपारी स्टॅव्रो आला, मळक्या कपड्यांत, हातात हातोडा घेऊन.

"जमिनीला माणूस लागेल म्हटलं... आणि आता तुमच्या— तुझ्या घरी चहा मिळेल?"

"आधी सांग. म्हणूनच काय?"

"म्हणूनच त्या दिवसापासून मला दुसरं काही सुचत नाही. आवडतेस तू मला, मार्नी."

तिनं फळीवरची पेन्सिल घेतली, घड्याळाकडे पाहिलं आणि दारावर सगळ्यांत खाली लिहिलं: 'चार वाजून पाच, स्टॅव्रो आला.'

तो वाकून वाचत राहिला. "हे कुठवर चढणार?"

"माहीत नाही." तिनं त्याचा हात धरला. "पण या खेपेला मी काही उचलून ठेवणार नाहीये."