माळावरच्या दवाखान्यातली हाक

लोखंडी खाटा तीन. पांढरं कपाट एक, काचा फुटलेल्या. भिंतीत हात धुण्याचं भांडं, त्यावर पितळी नळ. कंदील एक, विझलेला. चामडी चपलांचा एक जोड, कोरडा. आणि चपलांशेजारी पालथा पडलेला दगडोबा ओव्हाळ, दवाखान्याचा पहारेकरी. डोक्यामागे जखम.

अंजनानं सगळं पुन्हा एकदा मोजलं. मग तिनं दगडोबाचे पाय पाहिले. घोट्याच्या वरपर्यंत काळा चिखल होता, वाळून तडकलेला. फरशीवर धूळ होती. धुळीत चिखलाचं एकही पाऊल नव्हतं.

दगडोबा तिचा चुलता. ती शिरूरच्या हायस्कुलात विज्ञान शिकवायची आणि मे महिन्याच्या सुट्टीत राहू गावाजवळच्या वस्तीवर घरी आली होती. १९७३ साल. दुष्काळाचं दुसरं वर्ष.

"काकी, काका कधी बाहेर पडले?"

भागुबाई दाराच्या चौकटीला धरून उभी होती. ती रडत नव्हती. "काल दिस बुडताना. भाकरी खाल्ली आन् म्हनले, सायबाला आता खरं काय ते दाखवतो."

"काय दाखवणार होते?"

"ते न्हाई सांगितलं."

जमादार पोपटराव पंचनामा लिहीत होते. "कायतरी दिसलं असंल. भिऊन पळाला, पडला, डोकं आपटलं. ही जागाच वाईट हाय, बाई."

"पायांना चिखल कुठला?"

"असंल कुठला तरी."

"नदी दीड कोस लांब आहे. तिच्यातही वाळू आहे. चिखल कुठला, जमादारसाहेब?"

पोपटरावांनी लेखणीचं टोपण लावलं.

हा दवाखाना वीस वर्षांपूर्वी बंद पडला होता. आवारात एक विहीर होती, तिच्यावर पत्रा आणि पत्र्याला कुलूप. वस्तीची विहीर आटल्यावर लोकांनी दवाखान्याची विहीर मागितली. तालुक्याचा साहेब एका सकाळी आला, दोर सोडला, दोराला गाळ लागला. दगडोबानं पुन्हा अर्ज केला. सोमवारी साहेब परत येणार होता. पाणी निघालं तर विहीर वस्तीची. नाही निघालं तर वस्ती उठणार आणि माणसं दौंडच्या बाजूला खडी फोडायच्या कामावर, झोपड्यांत जाणार. भागुबाईला दोन्ही हवं होतं: विहीर, आणि नवरा कशानं मेला ते.

पण साहेबाबरोबर आवारात शिरायला एकही गडी तयार होईना. रात्री तिथं हाक येते, हे सगळ्यांना माहीत होतं.

"मग एक रात काढून दाखवा कुनीतरी," चावडीवर सरपंच बाळासो म्हणाले. "शिकल्यालं मानूस हाय की आपल्यात. काय अंजनाबाई?"

"मी जाते. तुम्ही चला."

लोक हसले. बाळासोंना हो म्हणावं लागलं.

"मी बी येतो," शंकरराव म्हणाले. ते दवाखान्याचे जुने कंपाउंडर; दवाखान्यामागच्या ओढ्यालगत त्यांचा मळा होता. साठीचे, मऊ बोलणारे. सारं गाव त्यांना आप्पा म्हणायचं. दवाखान्याच्या आणि विहिरीच्या किल्ल्या त्यांच्याकडेच होत्या. "दगडोबा माझा मानूस व्हता. त्याच्या जिवाला शांती लाभू द्या."

रविवारी रात्री पाच जण आत शिरले. अंजना, भागुबाई, बाळासो, पोपटराव आणि आप्पा.

दगडोबा पडला होता त्या जागी आप्पांनी गुलछडीचा हार ठेवला. खोलीभर वास पसरला.

"आप्पा, फुलं कुठनं पैदा केली?" बाळासोंनी विचारलं. "माझ्या पुतणीच्या लग्नात कागदी माळा लावल्या आमी."

"शिरूरच्या बाजारातनं मागवली."

अंजनानं हाराला बोट लावलं. देठ ओले होते. तिनं बोट पुसलं आणि नळाकडे गेली.

"त्याला हात नको लावू, पोरी," आप्पा पटकन म्हणाले. "गंजलाय. हात कापंल."

नळ पितळेचा होता. पितळ गंजत नाही. अंजना मागे सरली.

कंदील बारीक केला. बाळासो भिंतीला पाठ लावून बसले, पोपटराव दाराशी.

"हाक कसली येते, आप्पा?" अंजनानं विचारलं.

"इथं आपरेशन व्हायची. गुळाच्या गाडीखाली सापडलेला एक हमाल आणला व्हता. पाय दोन जागी मोडल्याला. भूल चढायच्या आत डाक्टरनं करवत लावली. ‘मोडलं’ येवढा एकच शब्द वरडत गेला तो. अजून वरडतो."

"तुम्ही तेव्हा होतात?"

"पाय मीच धरला व्हता."

बाळासोंनी गळ्यातली तुळशीची माळ मुठीत धरली.

मध्यरात्र उलटली असेल. आधी फरशीखालून आवाज आला. घरघर. घशात कफ अडकलेल्या माणसाची असते तशी. ती थांबली, पुन्हा आली, लांबली, बंद झाली.

"आयला," बाळासो कुजबुजले. "जमादार, उठा."

"कुठं जाऊ उठून?"

आणि मग मागच्या खिडकीतून, खूप खालून, जमिनीतून यावी तशी हाक आली.

"मोऽऽडलं!"

भागुबाईनं अंजनाचा दंड आवळला.

"मोऽऽडलं!" काही वेळानं पुन्हा. मग तेवढ्याच वेळानं पुन्हा.

अंजना मनगटावर बोटं ठेवून स्वतःची नाडी मोजत होती. भीतीनं नाडी जलद झाली होती, पण दोन हाकांमधलं अंतर बदलत नव्हतं. वेदनेनं ओरडणारा माणूस असा ठरल्या वेळानं ओरडेल?

ती उठली. पायातल्या चपला काढल्या आणि फरशीवर अनवाणी चालू लागली. नळापासून मागच्या भिंतीपर्यंत एका पट्ट्यात फरशी गार लागली. बाकीची कोमट होती.

"खाली बस, पोरी," आप्पा म्हणाले. आता त्यांचा आवाज मऊ नव्हता. "चिडंल ते."

"कोण चिडेल, आप्पा?"

ती नळाशी गेली. आप्पा उठले. पण दाराशी बसलेल्या पोपटरावांचे पसरलेले पाय मध्ये होते, त्यांना ओलांडायला आप्पांना क्षणभर लागला. तेवढ्यात अंजनानं दोन्ही हातांनी नळ फिरवला.

नळातून थेंबही आला नाही. उलट नळच खोलीतली हवा आत ओढू लागला. लांब, शिट्टीसारखा श्वास. कंदिलाची ज्योत वाकडी झाली. फरशीखाली काहीतरी खडखडत मागे गेलं, आणि शांत झालं.

बाहेर हाकेची वेळ झाली. हाक आली नाही.

मग तोच आवाज खालून आला. आता तो भुताचा नव्हता. कावलेल्या माणसाचा होता.

"आप्पाऽऽ! ओ आप्पा! पानी तुटलं!"

चौघांनी आप्पांकडे पाहिलं.

"माझ्याकडं काय बघता?" आप्पा म्हणाले. "गावात आप्पा काय मी एकटाच हाय?"

"पाण्याचा आप्पा एकच आहे," अंजना म्हणाली. "जमादारसाहेब, मागच्या भिंतीच्या खाली ओढ्यात आप्पांचा मळा आहे. तिथे माणूस आहे. तो पळायच्या आत आणा."

पोपटराव धावले. बाळासो दारात आडवे उभे राहिले. ते अजून घाबरलेले होते, पण आता रागही आला होता.

"मला काय बी कळंना," ते म्हणाले. "मोडलं म्हंजी काय मोडलं?"

"दारं. वाफ्याच्या तोंडाशी घातलेला मातीचा बांध," अंजना म्हणाली. "वाफा भरला की दारं मोडायचं, पाणी पुढच्या वाफ्यात सोडायचं, आणि पाटाच्या तोंडावरच्या माणसाला ओरडून सांगायचं. माझ्या वडलांनी जन्मभर दुसऱ्याच्या उसात तेच केलं. तुम्हीही केलंय, सरपंच."

बाळासोंनी कपाळावर हात मारला. "च्यायला! व्हय की!"

"दोन वर्षं तालुक्यात कुणी दारं धरलं नाही. पाण्याबरोबर तो शब्दही गेला. म्हणून ओळखीचा शब्द आपल्याला परका वाटला. वाफे सारख्या मापाचे, म्हणून हाका सारख्या अंतरानं. आधी गड्याची सवयीची हाक होती. लोक तिला भितात हे पाहिल्यावर आप्पांनी तिला हमालाची गोष्ट जोडली."

"पन इंजिनाचा आवाज न्हाई. पानी चढतं कसं?"

"इंजिन लागतच नाही. दवाखान्याचा जुना पाइप विहिरीतून या फरशीखालून जातो. पुढे तो मळ्यापर्यंत वाढवलाय. मळा विहिरीच्या तळापेक्षा खाली आहे. पाइप एकदा भरला की पाणी या उंचवट्यावरून आपोआप पलीकडे ओढलं जातं. नळीनं पिंपातलं रॉकेल काढतो तसं. खालचं तोंड उघडलं की अडकलेली हवा सुटते, ती घरघर. हा नळ पाइपाच्या सगळ्यात उंच जागी आहे. तो उघडला की हवा शिरते आणि धार तुटते. म्हणून नळाला हात लावायचा नव्हता."

आप्पा खाटेच्या कडेवर बसले होते. हारातलं एक फूल तोडून ते बोटांत फिरवत होते.

"पन आज आपन इथं असताना पानी कशाला सोडलं?" भागुबाईनं विचारलं. तिचा आवाज कोरडा होता.

"आज सोडावंच लागलं, काकी. सकाळी साहेब दोर टाकणार. मागच्या वेळीही रात्री विहीर उपसली, म्हणून सकाळी गाळ लागला. आणि हा हार बघा. शिरूरला महिनाभर फूल मिळत नाही. आमच्या हेडमास्तरांना निरोप दिला तो सुताच्या हारानं. ही गुलछडी आज संध्याकाळी तोडलेली आहे."

"आन् तुझा काका?"

अंजना काकीजवळ गेली.

"काका त्या रात्री हाकेच्या मागानं खाली गेले. ओल्या वाफ्यात उतरायचं म्हणून सवयीनं बांधावर चपला काढल्या. म्हणून चपला कोरड्या आणि पाय चिखलाचे. या खोलीत ते चालत आले असते तर फरशीवर पावलं उमटली असती. त्यांना उचलून आणलं. आणणाऱ्यांनी आपले पाय धुतले, काकांचे धुवायचे राहिले. चपला कुणीतरी मागून आणून ठेवल्या."

बाहेर पावलं वाजली. पोपटरावांनी एका माणसाला दंडाला धरून आत आणलं. गुडघ्यापर्यंत चिखल, हातात खोरं. आप्पांचा सालगडी कोंडिबा. खोलीत एवढी माणसं बघून तो जागीच खिळला. मग त्याची नजर भागुबाईवर गेली.

"मी न्हाई मारलं, वैनी," तो रडू लागला. "खोऱ्याचा दांडा आप्पानं घातला. मला नुसतं उचलू लागायला लावलं. आज म्हनले, मी वर हाय, तू खालचं बघ. इथं तुमी सगळी हाय हे मला काय ठावं?"

"गप, कोंड्या," आप्पा म्हणाले.

भागुबाई आप्पांसमोर जाऊन उभी राहिली. "तुमच्या मळ्याला पानी पायजे व्हतं. आमची लेकरं घागरी घिऊन दीड कोस नदीतल्या झऱ्यावर जात व्हती. रोज तुमच्या दारावरनं."

आप्पांनी फूल खाली टाकलं. "बाग जळत व्हती माझी," ते म्हणाले.

पोपटरावांनी त्यांच्याकडून किल्ल्यांचा जुडगा घेतला. मग पंचनाम्याचा आधीचा कागद खिशातून काढला, फाडला आणि कोरा कागद गुडघ्यावर घेतला. "सांगा, बाई. पयल्यापासनं."

सकाळी आठला तालुक्याचा साहेब आला. पत्र्याचं कुलूप काढलं. वस्तीतली माणसं कठड्याभोवती उभी राहिली. साहेबानं दोर सोडला, वर ओढला, ओला भाग टेपनं मोजला.

पाणी सोळा फूट चार इंच.