सुभद्रेसाठी बॅटरी

सुभद्रेला कुठेतरी मुक्कामाला जायचं होतं. गाव कोणतं, याला तिच्या लेखी महत्त्व नव्हतं. "मले एक दिवस दुसऱ्या गावात उठायचं आहे," एवढंच ती म्हणायची. फुप्फुसं आखडत जाण्याच्या आजाराने माझी बायको बेसा भागातल्या आमच्या घरात अडकून पडली होती. झोपताना नाकाला नळी आणि पलंगाशेजारी ऑक्सिजनचं मशीन लागायचं. हॉटेलात लाइट गेली तर काय, या प्रश्नाशी आमचे सगळे बेत येऊन थांबायचे.

म्हणून निवृत्तीनंतर मी कारमागे ओढायचा एक छोटा ट्रेलर बांधून घेतला. आत बिछाना, ओटा, पंखा, खिडक्यांना जाळी. बुटीबोरीच्या वर्कशॉपवाल्याने काम छान केलं. बॅटरी मात्र मीच निवडणार होतो. माझी सगळी नोकरी वीजकेंद्रांच्या टेस्टिंग विभागात गेली, शेवटची वर्षं मौद्याला. मोजल्याशिवाय मी कशावरही विश्वास ठेवत नाही.

शहरातल्या महाल भागात जागेश्वरचं बॅटरीचं दुकान आहे. गल्ली इतकी अरुंद की बाहेर स्कूटर लावली तर चालणाऱ्याला अंग चोरावं लागतं. त्याच्या बाकावर बसून मी विचार केला. शिशाच्या बॅटऱ्या स्वस्त, पण वजनाने भारी. चार्ज होताना गॅस सोडतात, आणि बंद खोलीत ऑक्सिजन सुरू असताना ते मला नको होतं. लिथियमची हलकी, जवळजवळ तळापर्यंत वापरता येणारी. पण बिछान्याखालच्या कप्प्यात मावेल अशी मिळेना. मागवली तर यायला महिना, आणि तोवर ऊन तापलं असतं. उन्हाळ्यात सुभद्रेचा दम वाढतो.

"काकाजी, एक आहे माझ्यापाशी," जागेश्वर म्हणाला. "वापरलेली आहे. पण तुम्ही मोजून पाहा."

करड्या पत्र्याचा डबा होता. वर चार्ज किती टक्के आहे ते दाखवणारा लहानसा पडदा. कंपनीचं नाव कुठेच नव्हतं.

"कुठली आहे?"

"फिरत्या दवाखान्याच्या गाडीतली. गाडी भंगारात गेली, हे राहिली."

मी तिथेच दोन मोठे दिवे जोडून लोड लावला. व्होल्टेज जराही हललं नाही. इतकी चांगली बॅटरी मी नव्या मालातही क्वचित पाहिली होती. चार्ज अर्धा होता, तो घरी भरता येणार होता. डबा मापात बसत होता. मी घेतली.

घराशेजारच्या रिकाम्या प्लॉटवर ट्रेलर उभा होता. बॅटरी बसवून मी चार्जर लावला. चार्जरचा दिवा लागला, पण पडद्यावरचा आकडा दुपारपर्यंत हलला नाही. चार्जर बदलायचा असं मी ठरवलं.

संध्याकाळी सुभद्रा बिछाना पाहायला आली आणि आडवी झाली. मी तिच्या मशीनची पिन लावून दिली. थोड्या वेळाने वाकून पाहिलं तर आकडा वाढलेला. चार्जर उशिरा का होईना चालला, असं म्हणून मी समाधानाने वायर गुंडाळायला गेलो. वायर मोकळी होती. चार्जर मी दुपारीच काढून ठेवला होता.

मशीन वीज खात होतं आणि बॅटरी भरत होती.

मी सगळी जोडणी पुन्हा तपासली. उलटी वायर कुठेही नव्हती. छतावर सोलर अजून बसायचं होतं. पडदाच बिघडला असणार, असा निष्कर्ष मी काढला. माणूस दुसरं काय म्हणणार?

"गाढ झोप लागली होती," सुभद्रा बाहेर येत म्हणाली. तोल सावरायला तिने माझा खांदा धरला. एरवी ती खांदा धरत नसे.

त्या आठवड्यात आम्ही खिंडसीच्या तलावाकडे निघालो. रामटेकच्या रस्त्याला पळस नुकता पेटू लागला होता. सुभद्रा खिडकीची काच खाली करून बसली होती आणि लहान मुलीसारखी प्रत्येक पाटी मोठ्याने वाचत होती. काठावर एका आंब्याखाली मी ट्रेलर उभा केला. जेवण झालं. ती नळी लावून आत झोपली. मशीनची एकसुरी घरघर बाहेर ऐकू येत होती. मी चहा ठेवला.

या वेळी मी स्वतःचा मीटर आणला होता. चहा उकळेपर्यंत तो बॅटरीला लावून पाहावा, म्हणून मी दार उघडलं.

मीटर आणि पडदा एकच गोष्ट सांगत होते. करंट आत चालला होता. सलग मात्र नव्हता. काटा चढायचा, थांबायचा, पुन्हा चढायचा. कुठलाही चार्जर असा चालत नाही. मी वर पाहिलं. सुभद्रेची छाती खाली जायची तेव्हा काटा वर जायचा.

तिने श्वास सोडला की तो बॅटरीत जात होता.

तिचे ओठ जांभळे पडले होते. मशीन चालू होतं, नळी जागेवर होती, हवा येत होती. मी तिच्या बोटाला ऑक्सिमीटर लावला. ऑक्सिजन फार खाली गेला होता. मी नळी ओढून काढली, तिला उचलून बाहेर आंब्याखाली आणलं आणि कारमध्ये अडचणीसाठी ठेवलेला ऑक्सिजनचा सिलिंडर जोडला. चहा उतू जाऊन गॅस विझला होता.

बऱ्याच वेळाने तिने डोळे उघडले.

"काहून उठवलं?" ती पुटपुटली. "मी चालून राहिली होती. खूप दूर."

परतताना मी बॅटरीच्या वायरी तोडल्या. डबा थेट जागेश्वरच्या दुकानात नेऊन ठेवला. आकडा जवळजवळ शंभरावर होता.

"पसंत नाही पडली का, काकाजी?"

"नाही," मी म्हणालो. त्याच्या डोळ्यांत पाहून खरं सांगण्याची माझी हिंमत झाली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुभद्रा घरी खुर्चीत बसून मेथी निवडत होती. मशीन सुरू होतं. अचानक तिच्या हातातून जुडी पडली. श्वास आत जाईना. मी मशीनचा जोर वाढवला, सिलिंडर जोडला, दोन्ही एकदम लावून पाहिले. काही फरक पडेना. ॲम्ब्युलन्सला फोन केला. येतो म्हणाले. तिची नखं काळवंडत होती आणि मी नुसता तिच्यापुढे बसलो होतो.

मग मी जागेश्वरला फोन लावला. का लावला, ते मला आजही नीट सांगता येत नाही.

"काकाजी, बॅटरी तर जबरदस्त आहे," तो खुशीत होता. "सकाळची लाइन गेली ना, तर दुकान त्याच्यावरच चालवून राहिलो. पंखे, लाइट, सगळं."

"काढ."

"आं?"

"लोड काढ, जागेश्वर. आत्ता काढ."

पलीकडे पंखा बंद पडल्याचा आवाज आला.

सुभद्रेने श्वास घेतला.

मी तसाच गेलो आणि डबा परत आणला. आकडा खूप खाली आला होता. तो मी कुठे ठेवणार होतो? फेकून दिला आणि कुणी उचलून दिवे लावले तर? फोडायचा विचार मनात आला आणि मी स्वतःच घाबरून मागे सरलो. शेवटी आमच्या खोलीच्या कोपऱ्यात, खिडकीखाली ठेवला. त्याला कशालाच जोडलं नाही.

सुभद्रा पलंगावरून उठू शकत नव्हती. मी चार्जर लावला. दुसरा लावला. आकडा हलेना.

एका दुपारी, डबा तापला आहे का हे पाहायला मी त्यावर तळहात ठेवला. पत्रा उबदार होता, अंगासारखा. हात काढावासा वाटेना. आकडा एकाने वाढला.

पलंगावर सुभद्रेने कूस बदलली आणि पाणी मागितलं.

तेव्हापासून मी रोज थोडा वेळ तिथे बसतो. सुभद्रा आता नळीशिवाय घरभर फिरते. पोळ्या करते, तुळशीला पाणी घालते. डॉक्टर तिच्या छातीचा फोटो दोनदा काढायला लावतात. जिना चढताना मीच मध्ये थांबतो. मला पट्ट्याला नवी भोकं पाडून पँट आवळावी लागते. ती विचारत नाही. मीही बोलत नाही. ती झोपली असेल तेव्हाच मी डब्याजवळ जातो, म्हणजे मला तसं वाटायचं.

काल पुण्याहून आमची मुलगी भूमिका आली. सोबत तिची चार वर्षांची वेदिका. भूमिका अंघोळीला गेली. मी पेपर वाचता वाचता डुलकी घेतली असणार, हल्ली कुठेही लागते. जागा झालो तर घर फार शांत होतं.

मी खोलीत गेलो. वेदिका डब्याला मिठी मारून बसली होती. गाल पत्र्याला टेकवलेला, डोळे अर्धे मिटलेले. पडद्यावरचे आकडे धावत होते. माझ्या हाताखाली ते कधीच असे धावले नव्हते.

मी तिला ओढून उचललं. ती रडली नाही. तिची मान माझ्या खांद्यावर पडली.

"काहून उचललं?"

सुभद्रा दारात उभी होती. हाताला कणीक, गाल गुलाबी, अंगाने पुन्हा भरलेली.

"बसली होती ना चांगली," ती शांतपणे म्हणाली. "बसू द्या तिले अजून थोडा वेळ."

ती वेदिकेकडे पाहत नव्हती. तिची नजर पडद्यावरच्या आकड्यावर होती.