मस्कतच्या गोळ्या

पेजेचा डबा घेऊन रहिमा रिक्षातून उतरली तेव्हा दुपारचे तीन वाजून गेले होते. मांडवी ते हॉस्पिटल ही फेरी गेले सतरा दिवस चालू होती. पहिल्या आठवड्यात ती रिक्षात बसून रडायची. आता रडू येत नव्हतं आणि भूकही लागत नव्हती.

तिचा मुलगा फुजैल कोपऱ्यातल्या खोलीत एकटाच होता. ट्रॉलरवर तारेचा फटका बसून त्याची पोटरी फाटली होती आणि जखम सडत चालली होती. इतरांना लागण होऊ नये म्हणून त्याला वेगळं ठेवलं होतं. खोलीत फिनेलच्या वासाखाली आणखी एक गोडसर वास होता, आढीतला आंबा नासायला लागला की येतो तसा.

डॉक्टर उमा हातात कागद घेऊन दाराशी उभ्या होत्या.

"जखमेतल्या जंतूंवर नऊ औषधं लावून पाहिली. एकही चालत नाही, आता पाय कापायची वेळ आली आहे. याने आधी कधी अर्धवट औषधं घेतली होती का? अर्धवट मारले की उरलेले जंतू निगरगट्ट होतात."

रहिमा काय सांगणार? नवरा वजीर मस्कतला. येणाऱ्याजाणाऱ्याकडे गोळ्यांची पाकिटं पाठवायचा. रहिमा हाताची सढळ. गल्लीत कुणाला ताप आला की धावली मस्कतची गोळी घेऊन. दोन घ्यायच्या, उतार पडला की बंद करायच्या आणि उरलेल्या ठेवून द्यायच्या. चांगलं औषध फुकट कशाला घालवायचं? फुजैलला तिने लहानपणापासून असंच बरं केलं होतं. सगळी गल्ली तिला दुवा द्यायची, आणि खरं सांगायचं तर त्या दुव्यांची तिला गोडी लागली होती.

"मलाच कापा," ती डॉक्टरांना म्हणाली. 

चारला भेटीची वेळ झाली. आधी शेजारची सोनूबाई आली. तिने रहिमाच्या हातावर गोळ्यांचं एक पाकीट ठेवलं. दहातल्या दोन गोळ्या संपलेल्या होत्या.

"मी दोनच खाल्ल्या गो. बरा वाटला, मग ठेवल्या. घे, तुज्या तुला."

"आता ताप कसा आहे?" रहिमाने सवयीने विचारलं.

"हाय अजून…"

सोनूबाईला जाऊन दीड वर्ष झालं होतं. उलटून आलेला ताप कशानेच हटला नव्हता. मयताच्या दिवशी रहिमा स्वतः तिच्या दारात जाऊन बसली होती. हे सगळं तिला आठवलं, पण भीती वाटली नाही. भ्यायलाही अंगात काहीतरी शिल्लक लागतं.

सोनूबाईमागून पोस्टातला हरिश्चंद्र आला. मग मासे विकणारी गोदा. मग चार वर्षांची झारा, कुणाचंही बोट न धरता. ही सगळी गेलेली माणसं. एकेक जण पाकीट तिच्या मांडीवर ठेवून भिंतीशी जाऊन उभा राहिला. कुणी तक्रार केली नाही. तेच तिला सोसवेना.

शेवटी दारात फुजैल उभा राहिला. ईदचा सदरा, भांग पाडलेला, दोन्ही पाय धड.

"अम्मा, माज्या पण उरल्यात… धर ना."

तिच्या पाठीमागे, खाटेवर, इतका वेळ घरघरणारा श्वास थांबला होता. रहिमाने वळून पाहिलं नाही. तिने दोन्ही मुठी आवळल्या.

"मी घेणार नाही. तू सगळ्या खा. एकसुद्धा ठेवू नकोस."

"हात दुखतो, अम्मा…"

"दुखू दे."

तो तसाच हात पुढे करून उभा राहिला. सहाची घंटा झाली आणि नर्स आत आली, तेव्हा दारात कुणी नव्हतं. मांडीही मोकळी होती. नर्सने फुजैलच्या कपाळाला हात लावला, दोनदा ताप मोजला आणि डॉक्टरांना बोलवायला धावली.

तीन आठवड्यांनी फुजैल लंगडत घरी आला. औषधावाचून खोकला गेला म्हणतात, तसंच झालं. डॉक्टरांनाही कारण सापडलं नाही. रहिमाची उजवी मूठ मात्र उघडली नाही. डॉक्टरांनी प्रयत्न केले, शिरा आखडल्यात म्हणाल्या. धाकटी मुलगी निदा आता तिला भरवते.

दुपारी घर शांत असलं की त्या मुठीतून गोळ्यांच्या पाकिटाची पन्नी चुरगळल्याचा आवाज येतो. तेव्हा फुजैल जेवता जेवता थांबतो आणि स्वतःच्या कपाळाला हात लावून बघतो.