पडद्यावरचा आगाऊ ठिपका

त्याचं पहिलं दर्शन तिला रडारच्या पडद्यावर झालं — एक आगाऊ पांढरा ठिपका म्हणून.

टेकडीवरच्या छोट्या खोलीत बसून ती समुद्राच्या लाटा मोजायची. रडारच्या लहरी वाऱ्याने खडबडलेल्या पाण्यावर आपटून परत यायच्या, त्यावरून लाटांची उंची निघायची. ती खरी की खोटी हे ठरवायला खाली पाण्यात एक बोया तरंगत होता; लाटेबरोबर वरखाली होत तोही उंची सांगायचा. दोघांचे आकडे जुळले की तिचं रडार पास. पण बोया सांभाळणाऱ्याची होडी — तोच तो ठिपका — नेमकी मोजणीच्या वेळी तिथे घुटमळायची, आणि आकड्यांचा पार विचका व्हायचा.

शेवटी ती तणतणत धक्क्यावर गेली. तो दोरखंड गुंडाळत होता, केसांतून पाणी निथळत होतं. तिने त्याला चांगलं फैलावर घेतलं. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, रडारबाई, चहा घेणार का? ती चहा प्यायली — तिथेच घात झाला.

मग रोजच चहा होऊ लागला. कप देताना बोटं उगीच रेंगाळू लागली. हल्ली धक्क्यावरूनच लाटा मोजतेस वाटतं, असा ती जिच्याकडे राहायची त्या आत्यानेही चिमटा काढला. होडी मात्र जागची हलेना.

"मुद्दाम करतोस ना?" एका संध्याकाळी तिने विचारलं.

तो पाण्याकडे बघत म्हणाला, "आकडे जुळले की बोया काढणार. मग माझी रवानगी दुसऱ्या बंदरावर… म्हटलं, अजून थोडे दिवस."

"अरे वेड्या, नाही जुळले तर रडार काढतील. मग मी जाईन."

हे त्याच्या गावीही नव्हतं. त्याचा चेहरा असा काही उतरला की तिला हसू आवरेना — आणि हसता हसता डोळे भरून आले.

दुसऱ्या दिवशी होडी धक्क्यालाच बांधलेली राहिली. आकडे तंतोतंत जुळले. साहेबांनी फोनवरून तोंडभर कौतुक केलं, आणि फोन ठेवून ती मुळूमुळू रडली.

बोया बाहेर काढला त्या दुपारी ती पावसात भिजतच धक्क्यावर गेली. वाटेत पाठ केलेलं सगळं विसरली.

"तू जा," ती म्हणाली. "पण त्याआधी घरी ये… आत्याला भेटायला."

"कशाला?"

"मागणी तू घालतोस, की मीच घालू?"

हातातला दोर त्याने हळूच खाली ठेवला.

"आत्या घरी कधी असतात?"

"आत्ता आहे."

तो ओल्या कपड्यांनिशी तसाच तिच्याबरोबर चालू लागला.